गुरुवारचा कोरा चौकोन

१

भास्करराव कर्णिक गेले त्या दुपारी त्यांच्या उशाशी फोन जागा होता. पडद्यावर आकडा होता एकेचाळीस, शेजारी खाली वळलेला बाण. म्हणजे फोनला सगळं ठाऊक होतं. त्याने फक्त कोणाला सांगितलं नाही.

भास्कररावांच्या डाव्या दंडावर रुपयाएवढी एक चकती चिकटवलेली असे. ती दर पाच मिनिटांनी साखर मोजून फोनला कळवी, आणि साखर सत्तरच्या खाली उतरली की फोन असा कोकलायचा की समा भागातल्या आमच्या सोसायटीत तीन मजले खाली मला ऐकू यायचं. मग त्यांची बायको, माझी शाळेपासूनची मैत्रीण निरुपमा, धावत जाऊन त्यांच्या तोंडात गुळाचा खडा घालायची. वर्षभर हे असं चाललं. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात जन्मभर रेघा मारलेला माणूस. त्यांना त्या भोंग्याचं कौतुक होतं. "शालिनीवहिनी, माझ्या पोटात काय चाललंय ते आता अख्ख्या बिल्डिंगला कळतं," म्हणायचे.

त्या गुरुवारी जेवून ते दीडच्या सुमारास आडवे झाले. दोन घास कमीच जेवले होते. निरुपमा बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत बसली, मधलं दार मुद्दाम उघडं ठेवून. भोंगा वाजला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे असं समजून ती बसून राहिली. चार वाजता चहाला उठवायला गेली.

बरोबर दोन आठवड्यांनी, पुन्हा गुरुवारीच, ती आमच्याकडे आली. काखेत भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळलेलं. मी पाणी दिलं, ते तिने तसंच ठेवलं. माझा संसार फक्त माणसं न्याहाळण्यात गेला. कोण चहा अर्धा टाकतं, कोण निघताना चपला दोनदा शोधतं, हे माझ्या डोक्यात नोंदलेलं असतं. निरुपमा पाणी न पिता बोलायला बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"भाऊजी," ती आमच्या ह्यांना म्हणाली, "तुम्ही रिफायनरीत अपघातांची चौकशी करायचात ना?"

"करायचो." हे, म्हणजे पिलाजीराव शितोळे, सेफ्टी विभागातून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली. निवृत्ती फक्त कागदावर आहे. घरात कुकरची शिट्टी चुकली तरी अजून चौकशी बसते.

"मग ही एक करा. माझ्या कुणालला दोषी म्हणून एक नाव सापडलंय. वाडी भागातल्या त्या मोबाइलवाल्या दिग्विजयने फोनला डुप्लिकेट काच बसवली, तिच्यामुळे भोंगा बंद पडला, असं तो म्हणतो. शनिवारी पोलिसात अर्ज देणार आहे. परवा मित्रांना घेऊन जाऊन त्याचं शटर पाडून आला. गल्लीतलं कोणी आता त्याच्याकडे फोन टाकत नाही म्हणे."

"आणि तुम्हाला काय वाटतं, वहिनी?"

"मला वाटून काय उपयोग? खोटं नाव नको मला. खरं पाहिजे." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी तर तो सुरूच ठेवला होता, भाऊजी. डोळ्यांत तेल घालून. मग बंद कोणी केला?"

यांनी कॅलेंडर आपल्याकडे ओढलं. मग म्हणाले, "कारखान्यात दुरुस्तीसाठी एखादा भोंगा गप्प करायचा असला ना वहिनी, तर एक वही असते. बायपास रजिस्टर. कारण, वेळ, सही. सहीशिवाय कोणी भोंग्याला हात लावायचा नाही. या फोनचीही कुठेतरी वही असणार. नाव मिळेल. पण मिळालं की मग ते परत घेता येत नाही."

"द्या," निरुपमा म्हणाली. "कोणाचंही असलं तरी."

२

कॅलेंडर निरुपमाचंच होतं. ज्या दिवशी भोंगा वाजे त्या दिवसाच्या चौकोनात ती बारीक अक्षरात लिहून ठेवी: "११.४०. ६६. गूळ." यांनी चष्मा पुसून दोन महिने मागे जाऊन सगळे चौकोन वाचले. दिग्विजयने काच बसवली त्या दिवशीही तिने लिहिलं होतं, "नवी काच." त्यानंतर सहा आठवड्यांत भोंगा पाचदा वाजला होता. शेवटचा मंगळवारी. बुधवारचा चौकोन कोरा. गुरुवारचाही कोरा.

"मंगळवारी याच काचेवर वाजला," हे म्हणाले. "म्हणजे जे झालं ते मंगळवारनंतर."

संध्याकाळी आम्ही वर कर्णिकांकडे गेलो. कुणाल नुकताच हालोलहून, कारखान्यातून आला होता. त्याला हे पटलं नाही.

"काका, डुप्लिकेट मालाचं असंच असतं. आज चालतो, उद्या नाही."

"मग कंपनीचीच काच का नाही बसवलीस?"

"गेलो होतो ना! तीन आठवडे थांबा म्हणाले. फोन इथे जमा करा म्हणाले. बाबांचा भोंगा तीन आठवडे जमा करू?" एवढं बोलून तो एकदम थांबला. दिग्विजयकडे फोन त्यानेच नेला होता, हे त्याचं त्यालाच पुन्हा ऐकू आलं असावं.

त्याचा स्वतःचा फोन टेबलावर होता. आम्ही बसल्यापासून तो दोनदा थरथरला, आणि दोन्ही वेळा कुणालने तो न बघता पालथा घातला. मी हे मनात टिपलं.

"गुरुवारी घरात कोण होतं?" यांनी विचारलं.

"मी हालोलला. सकाळी सातची बस." त्याने बायकोकडे पाहिलं.

"मी शाळेत," यशश्री म्हणाली. ती रावपुऱ्यातल्या शाळेत शिकवते. "पावणेतीनपर्यंत. पण काका, एक सांगू का? त्याच्या आधीच्या रविवारी मीच फोनची भाषा मराठी केली होती. आधी इंग्लिश होती. मम्मींना काही समजायचं नाही, सारखं मला शाळेत फोन करून विचारायच्या. मला वाटलं, सारं होईल, त्यांना बरं पडेल. त्यातनं काही बिघडलं असेल का?"

"भाषेनं काय बिघडणार?" कुणाल खेकसला.

यांनी विचारलं, "फोनला कुलूप होतं? आकडा, बोट, काही?"

"नव्हतं," आतून निरुपमा म्हणाली. "हे म्हणायचे, नाडी बघायला किल्ली कशाला? कोणीही उचलावा आणि बघावा."

म्हणजे घरात असेल त्या कोणालाही तो उघडता येत होता. निघताना माझी नजर देवघराशेजारच्या फळीवर गेली. चष्म्याचं नवंकोरं घर, त्याला दुकानाची चिठ्ठी तशीच अडकवलेली.

"बाबांचा," कुणाल म्हणाला. "मोतीबिंदूनंतर नंबर बदलला होता. त्या आठवड्यात बुधवारी रावपुऱ्यात टाकला, शुक्रवारी मिळाला." मग म्हणाला, "मी जाऊन आणला. का आणला माहीत नाही."

आम्ही जिना उतरत होतो तेवढ्यात यशश्री मागून आली. तिने माझा हात धरला.

"काकू, यांना सांगू नका मी बोलले म्हणून. बाबांचा अलार्म यांच्या फोनवर पण यायचा. मीटिंगमध्ये वाजतो म्हणून यांनी महिन्यापूर्वीच तो बंद करून ठेवला होता. तेव्हापासून हे झोपत नाहीयेत."

३

दिग्विजय मोहित्यांचं दुकान वाडीत एका पोळाच्या, म्हणजे जुन्या बंदिस्त गल्लीच्या, तोंडाशी आहे. दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरून बोलायचं. शुक्रवारी सकाळी शटर अर्धंच वर होतं. चाळिशीचा माणूस, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलेलं, पण समोर टेबलावर उघडलेलं काही नव्हतं. काम नसताना भिंग लावून बसलेल्या माणसाची मला फार दया आली.

"बेसा ना काका. काकी, तुम्ही या स्टुलावर. घाबरू नका, मारामारी मंगळवारीच झाली."

"काच तुम्हीच बसवलीत?"

"मीच. साचं सांगतो, कंपनीची नव्हती. कंपनी आम्हाला पार्ट देतच नाही, तर लावू कुठून? पण चांगली होती. बिलावर तसं लिहून दिलंय, कंपनीची नाही म्हणून." त्याने खालचा खण ओढला. आत छोट्या पुड्या, प्रत्येकीवर नाव आणि तारीख. त्यातून कर्णिकांची पुडी काढून त्याने आमच्या पुढे ठेवली. आत फुटलेली जुनी काच. "माझ्या बापाची शिस्त. तो घड्याळं करायचा. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाला दाखवायचा, नाही नेला तर सांभाळायचा. सहा महिने मी काहीच फेकत नाही."

यांचा चेहरा जरा सैलावला. पुड्यांवर तारखा घालणारा माणूस यांना मनापासून आवडतो.

"काच आणि भोंगा यांचा संबंध काय?"

"काहीच नाही, काका. आवाज स्पीकरमधून येतो, तो तर खाली असतो. काच फोडून टाका, तरी भोंगा वाजेल." तो थांबला. "वाजायला पाहिजे."

"म्हणजे?"

त्याने गल्ल्यामागून त्याच कंपनीचा दुसरा फोन काढला. एका गिऱ्हाइकाचा, त्यालाही बाहेरची काच बसवलेली. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आणि खाली दोन बटणं होती.

"हे त्या आठवड्यातल्या बुधवारी आलंय, काका. कंपनीने सगळ्यांच्या फोनमध्ये सोडलंय. आमची नसलेली काच दिसली, म्हणून बाहेरच्या उपकरणांचे तातडीचे आवाज बंद करतो, असं लिहिलंय. या बाईंनी अजून काही दाबलेलं नाही, म्हणून हा फोन वाजतोय. मी कर्णिकसाहेबांकडे सांगायला जाणारच होतो. त्याआधी..." त्याने हात पसरले.

"म्हणजे आपोआप होत नाही?"

"ना रे ना. विचारतो. 'कंटिन्यू' किंवा 'लेटर'. दाबल्याशिवाय काही होत नाही." भिंग काढून त्याने आमच्याकडे पाहिलं. "कर्णिकसाहेबांच्या घरी कोणीतरी दाबलंय, काका."

४

कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. अलकापुरीतल्या सर्व्हिस सेंटरवर ते एवढं मोठं लावलंय की माझी भर नको. आत थंडगार हवा, पांढऱ्या खुर्च्या आणि नंबराची चिठ्ठी. आमच्या खिडकीवर मिताली नावाची मुलगी होती, पंचविशीची, गळ्यात ओळखपत्र. यांनी निरुपमाच्या सहीचं पत्र आणि भास्कररावांचा फोन तिच्यापुढे ठेवला. पत्र वाचून तिचा चेहरा उतरला. मुलगी चांगली होती.

तिने फोन यंत्राला जोडला आणि पडदा आमच्याकडे वळवला.

"काका, हे बघा. फोनने विचारलंय, आणि युझरने एक्सेप्ट केलंय ने. गुरुवार, बारा बावन्न."

बायपास रजिस्टर सापडलं होतं. वेळ होती. कारणही कंपनीने आपल्या हाताने भरलं होतं. सहीच्या जागी फक्त 'युझर'.

"पोरी, मला एक सांग," हे म्हणाले. "फोन कोणाचा?"

"कस्टमरचा."

"मग त्याचा भोंगा बंद करण्याचा प्रस्ताव मांडायला तुमची कंपनी त्याच्या घरात शिरली कशी?"

मितालीने खालचा ओठ चावला. तिला हे पाठ होतं, पण ती पाठ म्हणून बोलली नाही. "काका, असं नका ना बोलू. गेल्या महिन्यात इथेच एक बेन आल्या होत्या, बाहेरची बॅटरी टाकलेली, उशीखाली फोन जळला. कंपनीने लक्ष नाही ठेवलं तर तुम्हीच म्हणाल, का नाही ठेवलं? आता साखरेचं घ्या. काच आमची नाही, तिच्यावर आकडा चुकीचा दिसला, तो वाचून कोणी जास्त इन्सुलिन टोचलं, तर जबाबदार कोण?"

"बरोबर विचारलंस." यांना प्रश्न नीट विचारणारी माणसं आवडतात. "म्हणजे काचेवरच्या आकड्याचा भरवसा नाही. मग तुम्ही आकडा बंद केलात?"

तिने यंत्राकडे पाहिलं. "नाही. आकडा दिसतो."

"हो. ते गेले तेव्हाही दिसत होता. आवाज काचेतून येतो?"

"नाही."

"म्हणजे ज्याचा भरवसा नाही ते चालू ठेवलंत, आणि ज्याचा काचेशी संबंध नाही ते बंद केलंत. हे सुरक्षेसाठी म्हणतेस की लोक घाबरून तुमच्याकडे काच बसवायला यावेत म्हणून?"

मितालीने पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला. मागच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ पुढे वाकून ऐकत होते, त्यांनी आपल्या हातातला फोन एकदा उलटसुलट करून बघितला.

"लक्ष ठेवा," हे हळू आवाजात म्हणाले. "धोका दिसला तर सांगा, दहादा सांगा. पण आमच्या घराच्या भोंग्याची दोरी आमच्या हातात राहू दे."

मग मला म्हणाले, "तू बाहेर रिक्षा बघ. मी दोन मिनिटांत आलो."

दहा मिनिटं लागली. काचेतून मला दिसत होतं, मिताली फोनवर काहीतरी बदलत होती, हे वाकून वाचत होते. मग यांनी खिशातला कागद काढून त्यावर काही उतरवून घेतलं, आणि तो कागद पेनासकट तिच्यापुढे सरकवला. बाहेर आले ते कागद खिशात ठेवतच. घरी येऊन चहा निवू दिला. आमच्या पंचेचाळीस वर्षांत यांनी चहा निवू दिलेला मी दोनदाच पाहिलाय, आणि दुसऱ्यांदा तो हा.

५

"नाव मिळालं का?" मी विचारलं.

"तूच काढ. बारा बावन्न."

मी बोटांवर मोजायला लागले. "कुणाल हालोलला. यशश्री शाळेत. दिग्विजय वाडीत, आणि तो कधी घरी आलाच नव्हता. उरले घरातले दोघं. भास्करराव..."

"जेवत होते. रोज साडेबाराला इन्सुलिन, मग लगेच ताट. उजवा हात भातात."

"डाव्या हातानेही दाबता येतं."

"येतं. पण त्याआधी वाचावं लागतं."

फळीवरचं ते नवंकोरं घर माझ्या डोळ्यांपुढे आलं. बुधवारी टाकलेला चष्मा शुक्रवारी मिळाला. गुरुवारी भास्कररावांना समोरचा माणूस दिसत होता, अक्षर दिसत नव्हतं.

मोजायला एकच बोट उरलं, निरुपमाचं.

"पण ती असं का करेल?" शेवटी मी म्हणाले. "दिग्विजयने वाचून दाखवलं, तुम्हीही ऐकलंत. बंद करतो असं साफ लिहिलंय. निरुपमा चौथीपासून आमच्या वर्गात पहिली यायची, अहो."

"दिग्विजयने इंग्रजीतलं वाचलं. त्यांच्या फोनची भाषा यशश्रीने बदलली होती. मितालीला तेच मराठीतून काढायला लावलं." यांनी कागद माझ्यापुढे उलगडला. यांचं टोकदार अक्षर होतं:

"या फोनमध्ये न पडताळलेला डिस्प्ले आढळला आहे. तुमच्या सुरक्षिततेसाठी, जोडलेल्या उपकरणांच्या तातडीच्या ध्वनी-सूचना बंद केल्या जातील."

खाली दोन चौकटी. एकीत 'नंतर'. दुसरीत 'सुरू ठेवा'.

मी ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग कालपासून डोक्यात ठसठसणारं निरुपमाचं वाक्य मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. *मी तर तो सुरूच ठेवला होता, भाऊजी.*

"इंग्रजीत 'कंटिन्यू' म्हणजे पुढे चला, आम्ही सांगतो ते होऊ द्या," हे म्हणाले. "कोणी तरी बसून शब्दाला शब्द लावला. सूचना बंद होतील म्हणतात, आणि खाली विचारतात, सुरू ठेवा? जिला भोंगा हवा आहे ती दुसरं काय दाबेल?"

वर कुठेतरी कोणी पाट सरकवला. आम्ही दोघांनी एकदम वर पाहिलं.

"सांगू नका तिला," मी म्हणाले. "कंपनीने बंद केला एवढं पुरे. दिग्विजय सुटला, बास झालं."

"तिने नाव मागितलंय."

"मागितलं म्हणून द्यायचं असतं का?"

छत्तीस वर्षांत यांच्या एकाही अहवालात एकही रकाना कोरा राहिलेला नाही, याचा यांना फार अभिमान. त्या दुपारी हे कितीतरी वेळ आपल्या बोटांकडे बघत बसले. "ठेवू कोरा," शेवटी म्हणाले.

मग टेबलावर बसून त्यांनी तोच मजकूर मोठ्या अक्षरात आणखी चार कागदांवर उतरवायला घेतला.

६

शनिवारी अकराला आम्ही कर्णिकांच्या बैठकीत होतो. कुणालने अर्ज टाइप करून आणला होता. यांनी दिग्विजयला बोलावून घेतलं होतं. तो दाराशीच उभा, कोणी बसा म्हणेना. निरुपमाच म्हणाली, "आत ये रे. उभं राहून काय होणार?"

यांनी चार चिठ्ठ्या वाटल्या. कुणाल, यशश्री, दिग्विजय आणि मी.

"समजा घरात आजारी माणूस आहे. त्याच्यासाठी भोंगा वाजता राहिला पाहिजे. अशा वेळी फोनवर हे आलं. एकमेकांचं बघू नका. कुठे दाबाल तिथे खूण करा."

"काका, हा काय खेळ..."

"कर, कुणाल."

पेन फिरलं. मला उत्तर माहीत होतं, तरी माझा हात आधी तिकडेच गेला. तो मी जाऊ दिला. यांनी चिठ्ठ्या गोळा करून टेबलावर मांडल्या. चारही खुणा 'सुरू ठेवा'वर. मग सदऱ्याच्या खिशातून पाचवी काढून शेजारी ठेवली.

"ही कंपनीच्या खिडकीवरच्या मुलीची. तिच्यासमोर रोज हेच येतं, पण इंग्रजीत. मराठीतून दिलं, तिनेही इथेच खूण केली. मग स्वतःच बघत बसली." हे कुणालकडे वळले. "तुम्ही चौघांनी आत्ता भोंगा बंद केलात, त्या मुलीने काल. कंपनीच्या मराठीत 'सुरू ठेवा' म्हणजे आमचं म्हणणं सुरू ठेवा. काचेने काही केलं नाही. दिग्विजयनेही नाही. भोंगा कंपनीने बंद केला, आणि होकार फसवून घेतला. एवढाच माझा अहवाल."

यशश्रीने तोंडावर हात धरला. "भाषा मी बदलली..."

"इंग्रजीत ठेवली असतीस तर वहिनींना रोजचंही काही कळलं नसतं. घरातल्या माणसाला फोन समजावा म्हणून तू केलंस. तसाच असायला हवा तो."

"काका," कुणालचा आवाज फाटला, "माझ्या फोनवर पण यायचा. मी बंद केला होता."

"माहीत आहे. पण इथला बंद झाला की तिथे काही पोचतच नाही. मितालीकडून खात्री करून घेतली. तू चालू ठेवला असतास तरी त्या दुपारी तो वाजला नसता."

कुणालने दोन्ही हातांनी डोकं धरलं. दिग्विजय भिंतीकडे बघत राहिला; त्याच्यावर खापर फोडणाऱ्या माणसाला रडताना बघणं त्याला अवघड गेलं असावं.

मला वाटलं, निभावलं.

"भाऊजी," निरुपमा म्हणाली. "मला चिठ्ठी दिली नाहीत."

"कमी पडली, वहिनी."

"तुमची कधी काही कमी पडत नाही." तिने पाचातली एक उचलली, हात लांब धरून वाचली. अगदी सावकाश, शाळेत धडा वाचावा तशी. मग चिठ्ठी मांडीवर ठेवून तिच्यावर हात फिरवला.

"हे जेवत होते. टिंग झालं. चष्मा नव्हता ना, म्हणून मला म्हणाले, काय म्हणतोय गं? मी वाचलं. म्हटलं, भोंगा बंद करतो म्हणतोय मेला. थांबा, मी सुरू ठेवते." तिने चिठ्ठीची घडी घातली. "हे म्हणाले, शाब्बास."

यशश्री उठून तिच्याशेजारी जाऊन बसली.

"आई," कुणाल म्हणाला, "तू नाही. ऐकलंस ना काका काय..."

"ऐकलं. मी बहिरी नाही आणि खुळीही नाही. गुन्हा माझा नाही ते कळतंय मला." तिने डोळे पुसले नाहीत, पाणी होतं ते तसंच राहू दिलं. "पण बोट माझं होतं. ते कोणी झाकू नका. तुम्ही झाकलंत की ते लोक म्हणतील, घरातल्या कोणीतरी होकार दिला, कोणी ते कोणास ठाऊक. मी सांगेन कोणी. मी दिला, आणि असा दिला. कुणाल, त्या अर्जातलं दिग्विजयचं नाव खोड."

कुणालने खोडलं. मग उठून दिग्विजयपाशी गेला. त्याला काय म्हणावं ते सुचेना, तेव्हा दिग्विजयच म्हणाला, "रहू द्या ना भाई. सोमवारी शटर वर करायला या, बस. लोकांना दिसू दे."

"आता कंपनीच्या नावाने लिही," निरुपमा म्हणाली. "साक्षीदार मी. माझ्या बोटाखाली कोणाचं वाक्य होतं, ते जसंच्या तसं उतरव. एक अक्षर सुधारू नकोस." मग यांच्याकडे वळली. "तुमच्या त्या वहीत काय काय असतं म्हणालात?"

यांनी एकेक शब्द सुटा सांगितला. "कारण. वेळ. सही."

तिने कॅलेंडर मागवून टेबलावर पसरलं. चारी कोपऱ्यांवर आम्ही हात ठेवले, दिग्विजयनेही. गुरुवारच्या कोऱ्या चौकोनात तिने नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिलं: "१२.५२. सुरू ठेवला." आणि खाली सही केली, पूर्ण नावाने.

चौकोन लहान होता. आडनाव पुढच्या गुरुवारात गेलं.